पडद्यामागचं इमान

बुरडाच्या दारात माणूस घाईनं येतो तो दोनच कारणांनी. घरात मूल झालं की सूप लागतं आणि घरातलं माणूस गेलं की बांबू लागतात. बाकीची गिऱ्हाइकं सावकाश येतात, टोपली उलटीपालटी करतात, बोटानं टोचून बघतात आणि उद्या येतो म्हणून निघून जातात. मी कडेगावात सून म्हणून आले तेव्हापासून हात चालेनासे होईपर्यंत हेच बघितलं. या अंकासाठी धंद्याबद्दल लिहा असं सांगायला माणसं घरी आली तेव्हा मी त्यांना म्हणाले, टोपल्यांबद्दल काय लिहायचं? विणली, गिऱ्हाईक घेऊन गेलं, संपलं.

विचित्र गिऱ्हाइकं मात्र आली. एक म्हातारा स्वतःच्या तिरडीचे बांबू निवडायला यायचा. दरवेळी बांबू ठोकून बघायचा आणि अजून ओले आहेत म्हणून परत जायचा. माझी सासू गेली तेव्हा तिच्या तिरडीला खांदा द्यायला तोच पुढं होता. एका पाटलीणबाईंनी कोंबड्यांसाठी दोन मजली खुराडं करून घेतलं. वरच्या मजल्यावर कोंबड्या कधी चढल्या नाहीत. पण तिसऱ्याच कारणानं घाईत आलेलं गिऱ्हाईक मला आयुष्यात एकच भेटलं. तो तंबूवाला.

लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. माझा नवरा पलटणीत खेचरांच्या तुकडीत होता. घरी मी आणि सासू. दोघी मिळून धंदा चालवत होतो. आमचा बांबू पाटणच्या बाजूनं यायचा. कोयनेच्या अंगाला जसा बांबू होतो तसा आमच्या इकडं होत नाही. दरवर्षी गाड्या जाऊन घेऊन यायच्या. त्या वर्षी गाडीवाल्यांनी पाठ फिरवली. निम्मी माणसं पलटणीत, बैल महाग, घाटात चाकं मोडतात, अशी शंभर कारणं. बांबू नाही म्हणजे गुळाच्या हंगामाच्या पाट्या नाहीत, सुपं नाहीत, काही नाही. दोघी अंगणात बसून जुन्या टोपल्यांच्या कडा बांधत होतो, तेव्हा एक धोतरवाला घाम पुसत आला.

“इमान पायजे,” तो म्हणाला.

सासूनं मान वर न करता विचारलं, “कोण गेलं?”

हे परगावच्या माणसाला सांगावं लागेल. आमच्या भागात लिंगायत वाण्यांच्या घरी माणूस गेलं की त्याला आडवं नेत नाहीत, बसवून नेतात. त्यासाठी बांबूची मखरासारखी पालखी करायची असते. तिला विमान म्हणतात. आमच्या तोंडात इमान.

“कोण न्हाई गेलं,” तंबूवाला म्हणाला. “पायजे एवढंच.”

“मग गेल्यावर या. आमी आधी करून ठेवत न्हाई.”

“आवं मावशी, आभाळात जाणारं इमान.”

“सगळीच आभाळात जात्यात.”

मग त्यानं खाली बसून नीट सांगितलं. गावाबाहेर माळावर त्याचा सिनेमाचा तंबू लागला होता. त्यात इंग्रजी सिनेमा होता, भागाभागाचा. रोज एक भाग. सगळे भाग झाले की पुन्हा पहिल्यापासून. एक साहेब, त्याचा स्वयंपाकी आणि एक पोपट विमानात बसून चंद्रावर जातात. चंद्रावर राजा असतो. त्याला मिशा असतात आणि तो साहेबाला तळघरात कोंडतो. पुढं आटपाडीची जत्रा होती. तिथं दुसरा एक तंबू येणार होता आणि त्याच्याकडं मारामारीचे सिनेमे होते. म्हणून या तंबूच्या मालकाला तंबूच्या दारात उभं करायला ते विमान हवं होतं. बैलगाडीएवढं, आणि सिनेमात आहे तसंच्या तसं.

“तसंच्या तसं म्हंजी खिळ्याला खिळा,” तो म्हणाला. “मागं मी पेंटरकडनं साहेबाचा फळा रंगवून घेतला. त्यानं साहेबाला मिशी काढली. लोक म्हणाले ह्यो तो न्हवं, आणि दारातनं परत गेले. पब्लिक रोज बघतंय. त्यास्नी सगळं पाठ हाय.”

सासू म्हणाली, “बांबू न्हाई.”

तंबूवाल्याकडं लॉरी होती. पेट्रोल मिळत नसल्यामुळं तिच्या पाठीवर कोळशाची भट्टी बसवली होती आणि ती ग्यासवर चालायची. चढाला लागली की माणसं उतरून ढकलायची. पण चालायची. सौदा असा ठरला की लॉरी पाटणला जाऊन आमचा वर्षाचा बांबू आणेल आणि आम्ही त्याला विमान करून द्यायचं. विमान पसंत पडलं तर बांबू आमचा. नाही पडलं तर तो बांबू भरून घेऊन जाणार. माझी सासू कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवणारी नव्हती, पण त्या दिवशी अंगणात जुन्या टोपल्यांच्या कडा सोडल्या तर बांबूचं काडीइतकंही काम नव्हतं. ती व्हय म्हणाली.

लॉरी आली. बांबू उतरवून घेतला. आता विमान बघायला हवं होतं. मालकानं आम्हा दोघींना तंबूत फुकट सोडायला सांगितलं.

तंबूतली बसायची रीत सांगते. मधोमध मांजरपाटाचा पडदा. एका अंगाला यंत्र, तिकडं पुरुष. दुसऱ्या अंगाला बायका आणि लेकरं. पडद्याला पाणी मारून ओला ठेवला की चित्र दोन्हीकडून दिसतं. पाणी आमच्या बाजूनं मारायचे, त्यामुळं पुढच्या बायका दर खेळाला भिजायच्या. बोलणं सगळं इंग्रजी. ते समजावून सांगायला मालकानं एक पोरगेला माणूस ठेवला होता. त्याला सगळे सांग्या म्हणायचे. तो पुरुषांच्या बाजूला उभा राहून ओरडायचा, “आता साहेब म्हणतूय, राजा, तुला सोडणार न्हाई,” आणि आम्ही ते पडद्यापलीकडून ऐकायचो.

मी रोज जायला लागले. हातात सुतळी घेऊन बसायची आणि गाठी मारायची. साहेब दारात उभा राहिला की चौकट त्याच्या टोपीला लागायची. म्हणजे दार एक साहेब उंच. तसं मोजत गेले तर विमान आठ साहेब लांब भरलं. बैलगाडीएवढं करायचं म्हणून मी आमचा साहेब एक हाताचा धरला. सुतळीवर लांबीच्या गाठी, फुगवट्याच्या गाठी, खिडक्यांच्या गाठी. शेजारची बाई म्हणाली, “येसू, सिनेमात जप करतीस व्हय गं?”

विमान आकारानं भुईमुगाच्या लांबट शेंगेसारखं होतं. तोंडाला एक लांब सुई. एका कुशीला गोल खिडक्यांची ओळ. दुसऱ्या कुशीला दार, आणि दाराला लोंबणारी शिडी. दाराजवळ पत्र्याचं एक ठिगळ, कारण दुसऱ्या भागात विमान डोंगराला घासतं आणि स्वयंपाकी तिथं तव्याचा पत्रा ठोकतो. शेपटाला माशासारखे पंख. तोंडाजवळ इंग्रजी अक्षरं होती. मी चौथीपर्यंत मराठी शिकलेली, इंग्रजी येत नव्हतं. रांगोळी बघून घ्यावी तशी मी ती अक्षरं बघून घेतली.

दोन गोष्टी मला त्या तंबूत नेहमी खटकायच्या. एक म्हणजे साहेब लोक सगळे डावरे होते. जेवायचे डाव्या हातानं, बंदूक डाव्या हातानं, राजाला थोबाडीत डाव्या हातानं. आम्हा बायकांत यावर बोलणं व्हायचं. डाव्या हातानं जेवतात म्हणूनच त्यांना भांडी वेगळी लागतात असं सासूचं मत होतं. दुसरी गोष्ट मी कुणाला बोलले नव्हते. सिनेमा सुरू होण्याआधी मराठी अक्षरांची एक पाटी यायची आणि ती मला वाचता यायची नाही. चौथी शिकून पाटी वाचता येत नाही याची लाज वाटायची. मला वाटायचं ती मोडीत असावी.

काम सुरू केलं. आधी जाड कामट्यांच्या फासळ्या वाकवून सांगाडा केला. कामटी म्हणजे बांबू चिरून काढलेली पट्टी. तिला पाठ असते आणि पोट असतं. पाठ म्हणजे बांबूची वरची गुळगुळीत साल. पोट म्हणजे आतलं पांढरं. बुरूड विणताना पाठ बाहेर ठेवतो, कारण पाठीवर पाणी ठरत नाही आणि वस्तूला तकाकी राहते. पोट बाहेर ठेवलेली टोपली म्हणजे शिकाऊ पोराचं काम. सांगाड्यावर आम्ही एकच मोठा तट्टा विणून गुंडाळला. तट्टा म्हणजे बांबूची चटई. दाराची आणि खिडक्यांची भोकं विणतानाच सोडली आणि विमानाच्या खालच्या अंगाला दोन्ही कडा शिवून घेतल्या. वर चिंचोक्याची खळ लावून कापड, कापडावर चंदेरी कागद. बेगड बाजारात मिळत नव्हता. तंबूवाल्यानं चहाच्या खोक्यांतला आतला कागद कुठूनतरी गोळा करून आणला. तो वाटीच्या पाठीनं घासून सरळ केला. विमानाला हुंगलं तर चहाचा वास यायचा.

झालं तेव्हा ते मला पसंत होतं. मी माझ्या कामाला सहसा चांगलं म्हणत नाही, पण ते पसंत होतं. सासू त्याच्याभोवती फिरून आली आणि काही बोलली नाही. तिचं काही न बोलणं म्हणजे शेवटचा शब्द.

मालक बघायला आला. बरोबर सांग्या, आणि मागून निम्मं गाव. आमच्या आळीच्या बायका आधीच जमल्या होत्या. मालक थोडा वेळ तोंड उघडं ठेवून उभा राहिला. सांग्यानं ठिगळाला हात लावला आणि म्हणाला, “आयला, तवा बी हाय.” मला वाटलं बांबू आमचा झाला.

तेवढ्यात म्हादू गवंडी पुढं आला. दारं-खिडक्या हे त्याचं काम. तो म्हणाला, “दार चुकलंय.”

“काय चुकलंय?” मी म्हणाले.

“ह्या अंगाला न्हवं, त्या अंगाला पायजे. आणि खिडक्या हिकडं पायजेत.”

सगळे पुरुष बघायला लागले. एकेक जण म्हणायला लागला, व्हय की, चुकलंय की. मग बायका बोलायला लागल्या.

“काय चुकलं न्हाई. दार ह्याच अंगाला हाय.”

“तुमाला काय कळतंय त्यातलं?”

“रोज भिजतोय आमी त्या पडद्याखाली. तुमाला काय कळतंय?”

“शपथ घेतो की गं.”

“घे. आमी बी घेतो.”

सांग्या अक्षरांपाशी वाकला होता. तो म्हणाला, “मालक, इंग्लिश सुद्धा उलटं लिवलंय.”

मालकाचा चेहरा उतरला. तो हळूच म्हणाला, “बाई, तसंच्या तसं म्हणालो हुतो. आटपाडीत जर पब्लिक म्हणालं ह्ये ते न्हवं, तर माझा तंबू बसला.” आणि त्यानं अंगणातल्या बांबूच्या राशीकडं बघितलं. सासू जाऊन त्या राशीवर बसली.

मी म्हणाले, “थांबा. साहेब डावरा हाय, हे तरी तुमाला कबूल हाय का?”

“कोण डावरा?” म्हादू म्हणाला.

“साहेब. सगळेच डावरे हायती.”

पुरुष हसले. “आवं, उजव्या हाताचा हाय त्यो. कालच राजाला उजव्या हातानं हाणला.”

“डाव्या,” सगळ्या बायका एकदम म्हणाल्या.

मालकानं टोपी काढली, डोकं खाजवलं आणि म्हणाला, “मागनं उलटं दिसत आसंल बहुतेक.”

“बहुतेक?” सासूनं राशीवरून विचारलं. “तंबू तुमचा न्हवं का?”

“मी कवा मागं बसलो न्हाई, मावशी.”

“मग आज बसा.”

“मी मालक हाय. यंत्र सोडून बायकांत जाऊन बसू व्हय?”

“मग आमी दोघी पुढं बसतो.”

पुरुषांना ते आवडलं नाही. पण मालकाला आटपाडी गाठायची होती. त्यानं यंत्राशेजारी दोन पोती अंथरून दिली. आम्ही दोघी पदर घेऊन पुरुषांच्या बाजूला बसलो. आमच्या आसपासची मंडळी अंग चोरून बसली, जणू आमचं काही त्यांना लागणार होतं.

दिवा गेला. पहिल्यांदा ती पाटी आली, आणि मला वाचता आली. त्यावर लिहिलं होतं, ‘कृपा करून तंबूत बिडी ओढू नये.’ चौथीच्या पुस्तकात असतं तसं सरळ मराठी. मी ती पुन्हा वाचली. माझ्या दोन्ही बाजूंना पुरुष बिड्या ओढत होते.

पुढं साहेब आला आणि उजव्या हातानं जेवला. दार म्हादू म्हणाला होता त्याच अंगाला होतं. सगळा सिनेमा मला पाठ होता आणि तरी कोण कुणीकडून येतंय हे कळेना. राजा यायचा म्हणून मी एका बाजूला बघावं, तर तो दुसरीकडून यायचा. ज्यांना मी डावरे म्हणून ओळखत होते ते कुणीच नव्हते. नेहमीसारखी माणसं होती, आमच्या आळीतल्यासारखी. मला त्यांच्यात फारसं बघण्यासारखं वाटलं नाही.

बाहेर आल्यावर मी सासूला म्हणाले, “आत्याबाई, आपलंच उलटं हाय.”

“आपलं सुलट हाय,” ती म्हणाली. “पुढं त्या यंत्राच्या धक्क्यानं उलटं हुतंय.”

यावर तिच्याशी पुन्हा कधी बोलता आलं नाही. तिचं मत शेवटपर्यंत तेच राहिलं.

आता काय करायचं? डावी चप्पल कशीही फिरवली तरी उजवी होत नाही. तसं ते विमान तोंडाकडून धरा नाहीतर शेपटाकडून, दार चुकीच्याच कुशीला राहणार. नवा तट्टा विणायचा तर जत्रा निघून जाणार. मग माझ्या लक्षात आलं की चप्पल उलटी होत नाही, पण पिशवी होते. तट्टा सोडवायचा, आतली बाजू बाहेर करायची आणि त्याच सांगाड्यावर पुन्हा गुंडाळायचा. डावं उजवीकडं जातं, उजवं डावीकडं. दार म्हादूच्या जागी येतं. अक्षरं काळ्या कागदाची कापून चिकटवली होती. तीही काढून पालथी लावली की झालं.

यात एकच गोष्ट होती. तट्टा उलटा केला की पाठ आत जाते आणि पोट बाहेर येतं.

मी सासूला सांगितलं. तिनं हातातला कोयता खाली ठेवला. “आपल्या घरातनं पोट बाहेर काढलेली वस्तू कवा गेली न्हाई,” ती म्हणाली.

“वर कागद लागणार हाय. कुणाला दिसणार न्हाई.”

“मला दिसंल.”

“मग बांबू परत जाऊ दे?”

ती उठून आत गेली. तट्टा मी एकटीनं सोडला, आणि उलटा करायला शेजारच्या बाया बोलावल्या. त्या ओढताना म्हणत होत्या की चांगलं केलेलं कशाला बिघडवतीस. चंदेरी कागद पाण्यानं भिजवून सोलला, पुन्हा घासला, पुन्हा लावला. पोटाला खळ पाठीपेक्षा घट्ट धरते, त्यामुळं कागद आधीपेक्षा चांगला बसला. हे मला आवडलं नाही, पण खरं ते लिहिते.

सांग्यानं पालथी लावलेली अक्षरं वाचली आणि बरोबर आहेत म्हणाला. मी विचारलं, काय लिहिलंय? तो म्हणाला, विमानाचं नाव आहे. अर्थ काय, विचारलं. तो म्हणाला, नावाला अर्थ नसतो. म्हादू गवंडी भोवतीनं फिरला आणि म्हणाला, “आता कसं.” मालकानं बांबूच्या राशीवर हात ठेवला आणि म्हणाला, “मावशी, बांबू तुमचा.” सासू आतून बाहेर आली नाही.

त्या हंगामात आम्ही पाट्या विणल्या, सुपं विणली, कुणाला नाही म्हणावं लागलं नाही. हे त्या विमानामुळं झालं हे मी विसरले नाही.

विमान वाटेत हलून मोडलं तर नीट करायला मी लॉरीबरोबर आटपाडीला गेले. आटपाडी तेव्हा संस्थानात होती. कोरडा मुलूख, जत्रेत मेंढरंच मेंढरं. विमान तंबूच्या तोंडाशी चार खुंटांवर उभं केलं. धनगर मंडळी आधी लांबून बघायची, मग जवळ यायची. आत सिनेमा बघून बाहेर आलेले पुरुष पुन्हा विमानापाशी थांबायचे आणि एकमेकांना दाखवायचे, “ह्ये बघ गड्या, तवा. त्यो ठोकला न्हाई का.” कुणी काही चूक काढली नाही. दुसऱ्या तंबूचं काय झालं ते मी बघायला गेले नाही.

शेपूट वाटेत सैल झालं होतं. मी बसून ते बांधत होते. सिनेमा बघून बायकांच्या मागच्या दारानं निघालेली एक धनगरीण विमानापाशी येऊन उभी राहिली. वयानं माझ्या सासूएवढी, डोक्यावर टोपली. ती इकडून गेली, तिकडून आली. मग म्हणाली, “दार चुकलंय.”

मी गाठ आवळत राहिले.

“साहेब डावरा हाय. दार त्येच्या हाताच्या अंगाला पायजे.” शेपटाजवळ कागद थोडा उचलला होता. टोपली घेणारी बाई आधी काय बघते ते मला माहीत आहे. तिनं त्या जागी बोट घातलं, आतलं पांढरं बघितलं आणि कागद पुन्हा दाबून बसवला. “पोट बी बाहेर काढलंय. कुणी केलंय गं ह्ये?”

“बुरडानंच केलंय,” मी म्हणाले. “पण पुरुषांनी सांगितलं तसं केलंय.”

“तरीच,” ती म्हणाली, आणि दुसरा खेळ बघायला पुन्हा मागच्या दारानं आत गेली.